अमळनेरचं घर १४ महिने झाले विकलं जात नाहीये, कारण काय असेल?

बोरीकाठचा (धागाकर्ता) | ९ मार्च, रात्री १०.४२

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

अमळनेरला आमचं घर आहे. १५०० चौरस फुटांचा प्लॉट, १९८६ चं बांधकाम. खाली तीन खोल्या, वर दोन, अंगणात हौद. मी चिंचवडला नोकरीला. आई गेल्यावर आप्पांना इकडे घेऊन आलो, तेव्हापासून घराला कुलूप. मागच्या जानेवारीत विकायला काढलं. दोन वेबसाइटवर जाहिरात टाकली, दारावर पाटी लावली. किंमत ५८ लाख. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अकरा जण बघून गेले. नंतर फक्त फोन. दिवाळीपासून तर फोनही नाही.

घर भक्कम आहे. जिना सागवानी. २०१९ मध्ये आप्पांनी स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा केला, पुढच्या खोलीत टाइल्स टाकल्या. स्टेशन पायी पंधरा मिनिटं. तरी गिऱ्हाईक का फिरकत नाही?

एक विनंती. ‘किंमत कमी करा’ हा सल्ला सोडून बाकी काहीही सांगा. मागच्या गल्लीतलं घर ५५ ला गेलंय, हे मला पक्कं माहीत आहे.

केळीचा_घड | ९ मार्च, १०.४९

किंमत कमी करा.

भरीत_पार्टी | ९ मार्च, १०.५१

वरचा प्रतिसाद फ्रेम करून लावा कोणीतरी. :))

लेवाकाकू | ९ मार्च, ११.२०

जाहिरात शोधून पाहिली बरं का. चार फोटो आहेत. पहिल्यात घर कमी नि दारात लावलेली स्कूटर जास्त. दुसरा रात्री काढलेला, भिंतीवर ट्यूबलाइटची चकाकी. तिसऱ्यात दोरीवर बनियन वाळतंय. चौथा संडासाचा, तोही दार सताड उघडं टाकून. ज्या जिन्याचं एवढं कौतुक करताय तो कुठ्ठेच नाही.

आणि मथळा काय, तर ‘अर्जंट विकणे आहे’. चौदा महिने अर्जंट?

बोरीकाठचा | ९ मार्च, ११.३१

काकू, बनियन माझंच आहे. साफसफाईला गेलो होतो तेव्हाचे फोटो. बदलतो.

मंगळवारचा_उपास | १० मार्च, सकाळी ७.०५

मंगळ हा भूमीचा कारक ग्रह. त्या मंगळाचं देऊळ तुमच्याच गावात. लांबलांबून लोक येतात तिथं. आणि तुमचं घर विकलं जाईना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दक्षिणमुखी आहे का?

बोरीकाठचा | १० मार्च, ७.४०

पश्चिममुखी. देवळात जाऊन आलोय, दोनदा.

नंदुरबारी_मिरची | १० मार्च, ९.१२

आमच्या काकांचं घर दक्षिणमुखी म्हणून तीन वर्षं पडून होतं. शेवटी काकांनी पुढचा दरवाजा विटांनी बुजवून बाजूच्या बोळात काढला. आता घर पूर्वमुखी झालं, पण गाडी आत जाईना. गिऱ्हाईक आलं ते म्हणालं, गाडी कुठं लावू? पुन्हा भिंत फोडली. तेच घर नंतर दक्षिणमुखी म्हणूनच विकलं, दोन लाख कमी करून. भिंत बांधायचा नि फोडायचा खर्च वेगळा.

अवांतर: २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन तुमच्याकडे भरलं होतं, तेव्हा घर चार दिवस पाहुण्यांना दिलं असतं तरी घरपट्टी निघाली असती.

सौदापावती | १० मार्च, दुपारी १.३०

मी याच धंद्यात आहे (अमळनेरात नाही, शेजारच्या तालुक्यात), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, तालुक्याच्या गावात घर वेबसाइटवरून विकलं जात नाही. वेबसाइटवर पुण्या-मुंबईची माणसं बघतात, नि त्यांना अमळनेरला राहायचं नसतं. तुमचं गिऱ्हाईक कोण ते आधी बघा. पगारदार शिक्षक, रेल्वेतला किंवा बँकेतला माणूस. सुरतला वीस-पंचवीस वर्षं काढून गावाकडे परतणारे. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खेड्यावरचा शेतकरी, ज्याला पोरं शाळेला ठेवायला तालुक्यात घर हवं असतं. यातला कोणीही वेबसाइट उघडत नाही. तो किराणा दुकानात विचारतो, शाळेतल्या सरांना विचारतो, आणि आमच्यासारख्याला विचारतो. तुमच्या जाहिरातीत खाली लिहिलंय ‘दलालांनी फोन करू नये’. बरं, नाही केला.

दुसरं, हंगाम. आपल्याकडे पैसा हाती येतो कापूस विकला की. दसऱ्यापासून सौदे सुरू होतात, पौषात थांबतात, पुन्हा आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) चालतात. पावसाळ्यात पैसा मातीत असतो, गिऱ्हाईक नसतंच. तुम्ही पाटी जानेवारीत लावली हे ठीक, पण पहिले अकरा जण आले तेव्हा त्यांच्याशी काय बोलणं झालं? कोणी इसाराची गोष्ट काढली होती का?

बोरीकाठचा | १० मार्च, २.१५

दोघांनी. एकानं ‘तीस चेकनं, बाकी रोख’ म्हटलं. दुसरे पारोळ्याचे शिक्षक होते, त्यांना घर आवडलं होतं. बँकेत जाऊन आले आणि नंतर फोनच उचलला नाही.

निवृत्त_कॅशियर | १० मार्च, सायं. ६.०५

त्या शिक्षकांचं काय झालं ते मी सांगतो, त्यांना न भेटता.

बँक तुम्ही मागता तो भाव बघत नाही, व्हॅल्युअर काय लिहितो ते बघते. तो जागेची किंमत धरतो आणि बांधकामाला घसारा लावतो. १९८६ चं बांधकाम म्हणजे चाळिशीला आलेलं. तुमचा जिना सागवानी असो की चंदनी, कागदावर त्याचं वय वाढतंच. समजा त्यानं ४४ लाख लिहिले. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं जास्तीत जास्त ८० टक्के. झाले ३५ लाख २० हजार. तुमचे ५८ पुरे करायला गुरुजींना स्वतःचे २२ लाख ८० हजार हवेत. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, ते तीन लाखांच्या पुढे, आणि ते कर्जात बसत नाहीत. म्हणजे हातात २६ लाख रोकडे असलेला शिक्षक शोधताय तुम्ही. असा शिक्षक तुमचं घर कशाला घेईल, तो प्लॉट घेऊन नवीन बांधेल.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आणि त्या रोखवाल्याचा नाद सोडा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. खरेदीखत सरकारी दरापेक्षा दहा टक्क्यांहून खाली दाखवलं तर आयकर खातं सरकारी दरच तुमची विक्री किंमत धरतं.

भरीत_पार्टी | १० मार्च, ६.२२

चंदनी जिना :)))

अहिराणी_भाऊ | १० मार्च, रात्री ८.१०

भो, घर इकनं शे का नुसतं दखाडनं शे? पहिले ते ठराई ल्या. भाव गिऱ्हाईक ठरावस, आपुन नही.

यावल_बस | १० मार्च, ९.३५

अहिराणी_भाऊंना +१.

आमच्या घरची गोष्ट. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आठवतं ना? पुढच्या हंगामात वडील त्याच आकड्यावर अडून बसले. सगळा कापूस घरात भरला. पुढची खोली, माळा, पलंगाखाली, जिथं हात जाईल तिथं कापूस. व्यापारी दारात येऊन आठ हजार देत होता. वडील म्हणाले, मागच्या साली दहा होता. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात घरातल्या सगळ्यांना खाज सुटली, कापसात किडे झालेले. पोरांच्या अंगावर पुरळ. आई ओट्यावर झोपायला लागली. शेवटी सात हजारांनी दिला, आणि सुकून वजन घटलं ते वेगळंच.

मागच्या गल्लीतलं ५५ लाखांचं घर हा तुमचा दहा हजारांचा कापूस आहे.

बोरीकाठचा | १० मार्च, १०.०८

पण ते घर खरंच ५५ ला गेलंय हो.

सौदापावती | १० मार्च, १०.२०

कोपऱ्यावरचं का? खाली दोन गाळे असलेलं? मला ऐकून माहीत आहे तो सौदा. दोन्ही गाळ्यांना भाडेकरू आहेत. घेणाऱ्यानं गाळे घेतले, घर वर फुकट आलं.

बोरीकाठचा | १० मार्च, १०.२६

हो, गाळे आहेत.

केळीचा_घड | १० मार्च, १०.२७

माझा पहिला प्रतिसाद बघावा.

कोर्टाची_पायरी | ११ मार्च, सकाळी ११.००

किंमतीचं चालू द्या. मला वेगळंच विचारायचंय. मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं आहे?

बोरीकाठचा | ११ मार्च, ११.४५

आजोबांचं. ते १९९४ ला वारले. पण घर आप्पांनी स्वतःच्या पगारातून बांधलंय, घरपट्टी आप्पांच्याच नावे येते. दोन आत्या आहेत, एक पारोळ्याला, एक सुरतला. त्यांनी कधीच काही मागितलं नाही. भावाबहिणींत आजवर शब्दानं शब्द नाही.

जुनं_सागवान | ११ मार्च, दुपारी १२.१०

२००५ च्या कायद्यानं मुलींना हक्क मिळाला, पण आजोबा १९९४ ला गेले म्हणजे तो इथं लागू नाही. आत्यांचा संबंध नाही. बिनधास्त विका.

कोर्टाची_पायरी | ११ मार्च, १२.४०

जुनं_सागवान, असा सल्ला देऊन लोकांना माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभारी आहे, पण हे चूक आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अटही काढून टाकली, पण ते इथं लावायची गरजच नाही. प्लॉट आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच बायको, मुलगे, मुली यांना सारखा वाटा. दोन्ही आत्या १९९४ पासून मालकीण आहेत, कोणी सांगितलं असो वा नसो.

घरपट्टी कर भरण्यापुरती. त्यानं मालकी ठरत नाही. वरचं बांधकाम आप्पांच्या पैशाचं असेल, खालची जागा तिघांची.

मागितला नाही म्हणजे सोडला असं होत नाही. हक्कसोड पत्र नोंदवावं लागतं. तुमच्या शिक्षक गिऱ्हाइकाच्या बँकेनं सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) मागवला असेल, त्यात आजोबांचं नाव दिसलं असेल, आणि फाईल तिथंच टेबलावर राहिली असेल. ते कॅशियर काकांचं गणितही खरं असेल. दोन्ही मिळून तो माणूस गेला.

निवृत्त_कॅशियर | ११ मार्च, १.१५

मान्य. आधी नाव, मग आकडा.

लेवाकाकू | ११ मार्च, १.३०

आत्यांना विचारलंय का कधी, की नुसतंच ‘काही मागत नाहीत’ म्हणून कौतुक चाललंय? आम्ही बायका मागत नाही याचा अर्थ आम्हाला नको असतं असा नसतो बाबा.

पांझराकाठ | ११ मार्च, सायं. ५.५०

तुमचं घर निदान पक्कं आहे. आमचं धुळे तालुक्यातल्या खेड्यात धाब्याचं, मातीच्या भिंती, वर माळवद, मध्ये चौक. वैशाखात बाहेर ४४ डिग्री नि आत गोधडी घ्यावी असा गारवा. विकायला काढलं तेव्हा एकही बँक कर्ज द्यायला तयार नाही. गावठाणातलं घर, कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, बस. चार वर्षं कोणी आलं नाही. मग एक लाकडाचा व्यापारी आला. त्यानं घर पाहिलंच नाही. मान वर करून खांब नि तुळया मोजल्या. सागाचे पैसे रोख... म्हणजे चेकनं हो, कॅशियर काका... देऊन गेला. लाकूड उतरवलं त्या दिवशी आई शेतात जाऊन बसली. उरलेली मोकळी जागा दोन महिन्यांत गेली, शेजाऱ्यालाच.

नंदुरबारी_मिरची | ११ मार्च, ६.१५

शेजारी हेच खरं गिऱ्हाईक असतं. बोरीकाठचा, तुमचा शेजारी काय म्हणतो?

बोरीकाठचा | ११ मार्च, ७.००

नाना? किल्ली त्यांच्याकडेच असते. बघायला येणाऱ्यांना तेच घर दाखवतात. फार चांगला माणूस.

तापीपल्याडचा | ११ मार्च, रात्री ९.४०

दोन दिवस वाचतोय. एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे फोन कोण उचलतं, आणि तो आडनाव विचारतो का?

मी जळगाव जिल्ह्यातच नोकरीला आहे. गेल्या तीन वर्षांत घरासाठी चाळीसेक फोन केले. नमस्कार झाला की दुसरा प्रश्न, ‘आपण कोण?’ नाव सांगितलं की ‘पूर्ण नाव?’ आडनाव सांगितलं की ‘अहो, ते घर कालच गेलं.’ कालच गेलेली चार घरं आजही तशीच आहेत. एकावर पाटी सुद्धा आहे. त्यांच्या धाग्यावर लोक फोटो बदला सांगत असतील.

जुनं_सागवान | ११ मार्च, १०.०५

ज्याचं घर त्याचा निर्णय. आपण सोडून गेलो तरी गल्लीतल्या लोकांना कोण शेजारी येणार याचा विचार करावाच लागतो. यात भेदभाव कुठला?

तापीपल्याडचा | ११ मार्च, १०.११

तुम्हीच वाचा की परत, काय लिहिलंय ते.

कोर्टाची_पायरी | ११ मार्च, १०.३०

जुनं_सागवान, आजच्या दिवसातला हा तुमचा दुसरा सल्ला आहे. दोन्ही जपून ठेवले आहेत.

संपादक | १२ मार्च, सकाळी ८.००

वरच्या उपचर्चेतले सहा प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषयावर या.

गल्ली_नंबर_सात | १२ मार्च, ९.२०

मी अमळनेरातच असतो. धागाकर्त्यांची हरकत नसेल तर रविवारी गिऱ्हाईक बनून जाऊन येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भरीत_पार्टी | १२ मार्च, ९.२२

शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

गल्ली_नंबर_सात | १६ मार्च, दुपारी १२.४५

जाऊन आलो. जसं दिसलं तसं लिहितो.

पाटी: दिसत नाही. कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक तिच्यावर आडवा बांधलाय. खालून ‘घर वि’ एवढंच वाचता येतं आणि फोन नंबरचे पहिले सहा आकडे. फलकाची तारीख ऑगस्टची आहे.

किल्ली: नाना दहाला म्हणाले होते, पावणेअकराला आले. तोवर ऊन तापलं. पुढचं दार उघडलं आणि पहिला दणका वासाचा. बंद घराचा कुबट वास, त्यात हिंग नि खारलेल्या तेलाचा. स्वयंपाकघरात फळीवर लोणच्याच्या पाच बरण्या आहेत, फडक्यानं तोंडं बांधलेली. भरलेल्या आहेत भाऊ. भिंतीला मांडे भाजायचं मातीचं खापर टांगलेलं, काळंभोर, काठाला तार गुंडाळलेली. दोन कोठ्या, गाद्यांची रास छतापर्यंत, शिलाई मशीनवर लुगड्याचा तुकडा टाकलेला. देवघरात देव आहेत. मी चपला काढल्या, आपोआप. माझी बायको बरोबर होती, ती म्हणाली, इथं आपली गादी कुठं टाकायची?

खरंच, घर छान आहे. जिना पाहिला, हात फिरवला. हौद मोठा आहे, आपल्याकडे पहिला प्रश्न पाणी कितव्या दिवशी येतं हा असतो, तेव्हा हौदाचा फोटो जाहिरातीत पहिला पाहिजे. वरच्या खोल्या अकरा वाजताच तव्यासारख्या. उन्हाळ्यात घर सकाळी आठला दाखवा किंवा सहानंतर.

आता नाना. चहा पाजला. मी विचारलं, का जात नाही घर? म्हणाले, ‘त्यांना विकायचंच नाही हो. नुसता भाव काढतात.’ गल्लीत सगळ्यांचं हेच मत. मी म्हटलं, मग तुम्हीच का घेत नाही, मुलाला होईल. बशीतला चहा संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मागितलं होतं. ४२ म्हटलं. आप्पा तेव्हापासून फोन घेत नाहीत माझा. मी दिवा लावतो तरी रोज त्यांच्या देवापुढं.’

लेवाकाकू | १६ मार्च, १.०५

लोणच्याच्या बरण्या वाचून पुढचं वाचवलं नाही थोडा वेळ.

केळीचा_घड | १६ मार्च, १.३०

मी फाजील बोललो होतो वर, ते मागं घेतो. (सल्ला मागं घेत नाही.)

बोरीकाठचा | १७ मार्च, रात्री ११.५०

गल्ली_नंबर_सात, तुमचे उपकार. ४२ चं मला माहीतच नव्हतं.

काल आप्पांशी बोललो. आधी नानांचं विचारलं. ‘त्यानं माझ्या घराला ४२ म्हणायचं? पाया खणताना माझ्याबरोबर उभा होता तो.’ मग फोनचं विचारलं. पाटीवर आणि दोन्ही वेबसाइटवर नंबर त्यांचाच आहे, मी कामात असतो म्हणून मीच दिला होता. म्हटलं, आप्पा, आडनाव विचारता का? म्हणाले, ‘विचारतो की. विचारायला नको?’ किती जणांना नाही म्हटलं ते विचारलं, तर बोटं मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

तापीपल्याडचा, तुम्हाला काय उत्तर द्यावं समजत नाहीये.

निवृत्त_कॅशियर | १८ मार्च, सकाळी ६.३०

आप्पांना एक हिशोब दाखवा, वाद न घालता. ५० लाख धरा, सात टक्क्यांनी वर्षाचे साडेतीन लाख. चौदा महिन्यांचे चार लाखांच्या वर. ते आलेले नाहीत. भाड्यानं दिलं असतं तरी काही आलं असतं, तेही नाही. उलट घरपट्टी, वीजबिलाचा स्थिर आकार, दर पावसाळ्यात गच्चीची डागडुजी. बंद घर बसून खातं.

यावल_बस | १८ मार्च, ७.१५

आणि खाज सुटते.

कोर्टाची_पायरी | १८ मार्च, १०.३०

आखाजी ३० एप्रिलला आहे. लेकी माहेरी येण्याचा सण. आत्यांना घरी बोलवा, त्याच घरी, चिंचवडला नाही. कुलूप काढा, झाडून घ्या, पुरणपोळी करा आणि मग कागदाची गोष्ट काढा. फोनवर ‘जरा सही करायला ये’ म्हणालात तर मी सांगते काय उत्तर येईल.

अहिराणी_भाऊ | १८ मार्च, ११.००

वकीलबाई एकदम बराबर. आंडेरले (लेकींना) आखाजीले बलावो, कोर्टमा नको.

खिडकी_क्रमांक_दोन | २ एप्रिल, दुपारी ३.१०

धागा आवडला. अवांतर विचारतो, चाळीसगावला स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्यानं मिळतील का?

भरीत_पार्टी | २ एप्रिल, ३.१४

मिळतील, आडनाव कळवा. (टोमणा तुम्हाला नाही, राग नसावा.)

बोरीकाठचा | ५ मे, रात्री १०.१५

उशीर झाला, माफी असावी. आठवडाभर अमळनेरलाच होतो.

दोन्ही आत्या आल्या. गाद्या गच्चीवर टाकल्या, रात्री सगळे वर झोपलो. पारोळ्याच्या आत्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मला काही नको, कुठं सही करू? सुरतच्या आत्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी जिन्यावर बसून म्हणाल्या, ‘माझ्या लग्नात बापानं जे दिलं ते मला माहीत आहे नि दादालाही. मला माझा वाटा पाहिजे. मागायला लावलंत तीस वर्षं.’ आप्पा उठून नदीकडे गेले. रात्री नऊला आले, जेवले आणि म्हणाले, दे तिला.

कोर्टाची_पायरी, आता हक्कसोड फक्त एका आत्याचं करायचं ना?

लोणचं काढून टाकलं. एक बरणी आप्पांनी ठेवली, खाणार नाहीत, पण ठेवली. खापर सुरतच्या आत्या घेऊन गेल्या.

जाहिरात बदलली. ४९ लाख. जिना, हौद, सकाळचे फोटो. वाढदिवसाचा फलक मीच सोडला, कोणी काही म्हणालं नाही. नानांकडे जाऊन बसलो, आप्पाही आले. पैशाचं काही निघालं नाही, पण दोघं बोलले. निघताना नाना म्हणाले, ४५ पर्यंत मुलाला विचारतो.

कोर्टाची_पायरी | ६ मे, सकाळी ९.४५

हो. पारोळ्याच्या आत्यांचं हक्कसोड नोंदवा, मग वारस नोंद करून मालमत्ता पत्रकावर आप्पा आणि सुरतच्या आत्या दोघांची नावं आणा. खरेदीखतावर दोघं विकणारे म्हणून सह्या करतील, आत्यांच्या वाट्याचे पैसे थेट त्यांच्या खात्यात. आकडा खरेदीखतात लिहा. पत्रकावर नावं येईपर्यंत कोणाचाही इसार घेऊ नका, नानांचाही नाही.

भरीत_पार्टी | ६ मे, १०.०२

खापर सुरतला गेलं. मग आता घर न विकल्याचं खापर फोडायचं कोणावर?

बोरीकाठचा | ६ मे, १०.३०

:) उधन्याला उतरेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या होत्या म्हणे. फुटलं नाही.

सौदापावती | ६ मे, दुपारी १.१०

४९ ठीक आहे. ४६-४७ ला बसेल. ‘दलालांनी फोन करू नये’ ती ओळ काढलीत का?

बोरीकाठचा | ६ मे, १.२५

काढली.

तापीपल्याडचा | ६ मे, रात्री ९.०५

जाहिरात बघितली. फोटो चांगले आलेत. नंबर कोणाचा आहे आता?

बोरीकाठचा | ६ मे, ९.०७

माझा.